रस्त्याची खतावणी
डांबरी रस्त्यात काय काय खर्ची पडते आणि ते मोजावे कसे

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलास अक्षरओळखीबरोबरच एक धडा मिळतो. जी रक्कम वहीत चढली नाही, ती कोठे गेली हे वर्षअखेरीस कोणालाही सांगता येत नाही. रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद ही तीन अंगे नीट राखणारी पेढी मंदीतही तग धरते. ती न राखणारी पेढी तेजीतही बुडते. हिशेबाची ही दृष्टी आम्ही या लेखात एका अशा वस्तूकडे वळवू इच्छितो, की जिच्यावरून आपला माल रोज जातो, जिच्यासाठी आपण कर भरतो, परंतु जिची खतावणी आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. ती वस्तू म्हणजे डांबरी रस्ता होय.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ हा आपल्या परिचयाचा आहे. तो हजिऱ्यापासून निघतो आणि सुरत, व्यारा, नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर अशी मजल मारीत थेट ओडिशातील पारादीप बंदरास पोहोचतो. सुरतेचे कापड खानदेशात व वऱ्हाडात उतरते ते याच वाटेने. सन २०२२ च्या जून महिन्यात या महामार्गाशी निगडित अशा दोन घटना आठवड्याभराच्या अंतराने घडल्या. ७ जून रोजी अमरावती ते अकोला या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून पूर्ण झाला आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. १५ जून रोजी हजिरा येथे पोलादाच्या कारखान्यातील मळीपासून, म्हणजे ज्यास कारखान्यात ‘स्लॅग’ म्हणतात त्या पदार्थापासून, बांधलेल्या सहापदरी रस्त्याचे उद्घाटन झाले. पहिल्या कामाचे माप तासांत सांगितले गेले, दुसऱ्याचे टनांत. दोन्ही कामे कौतुकास पात्र आहेत. तथापि रस्ता बांधताना पृथ्वीच्या पोटातून किती वस्तू काढल्या आणि त्या किती काळ उपयोगी पडल्या, हे जाणण्यास यांपैकी कोणते माप पुरेसे आहे, हा आमचा प्रश्न आहे.

एका किलोमीटरची जमा-नावे

अमरावती-अकोला कामाचे जाहीर झालेले आकडे हिशेबास फार सोयीचे आहेत. त्या ७५ किलोमीटरांस एकूण ३६,६३४ टन डांबरी मिश्रण लागले व त्यात २,०७० टन डांबर होते. यावरून भागाकार केला असता एका पदराच्या एका किलोमीटरास सुमारे ४८८ टन मिश्रण पडते. त्यात डांबर सुमारे साडेसत्तावीस टन आणि उरलेली सुमारे ४६१ टन खडी व बारीक चुरा. म्हणजे ज्यास आपण ‘डांबरी’ रस्ता म्हणतो त्याच्या वरच्या थरात शंभर भागांपैकी डांबर अवघे साडेपाच भागांच्या आसपास असते. बाकी सारा दगड. त्याखालील थर तर जवळजवळ संपूर्ण दगडाचेच. दगडाच्या खाणी लागतात त्या डोंगरांना, आणि एकदा फोडलेली टेकडी पुन्हा उगवत नाही.

या खात्यात खर्चाच्या चार बाबी येतात. पहिली दगड, दुसरी डांबर, तिसरी दगड तापविण्याचे इंधन आणि चौथी वाहतूक. यांपैकी डांबराची बाब जरा निराळी आहे व तिच्यात हिशेबनीस सहज चकतो. डांबर हे खनिज तेलातून निघते. जाळले तर किलोमागे साडेनऊ हजार किलोकॅलरींच्या घरात उष्णता देण्याची शक्ती त्यात साठलेली असते. परंतु रस्त्यात ते जाळले जात नाही. ते दगडास दगड चिकटवून तेथेच राहते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा महसुली खर्च नसून भांडवलात गुंतलेली रक्कम आहे. वर सांगितलेल्या एका किलोमीटरातील डांबरात साठलेली ऊर्जा ही तेवढाच दगड तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या वीसपटीहून अधिक भरते. जो कोणी ही रक्कम इंधनखर्चात मिळवील त्याचा आकडा अवाच्या सवा फुगेल. जो ती मुळीच दाखविणार नाही त्याचा आकडा मोहक दिसेल. योग्य रीत एकच: तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा, आणि रस्ता उखडला जाईल तेव्हा ते भांडवल परत हाती आले की मातीत गेले, याची नोंद करावी.

ओल्या दगडाचे कर्ज

डांबरी मिश्रण करण्यासाठी खडी दीडशे अंशांहून अधिक तापवावी लागते. एक टन कोरडी खडी ३० अंशांवरून १६० अंशांवर नेण्यास सुमारे २६,००० किलोकॅलरी उष्णता पुरते. परंतु त्या खडीत वजनाच्या १ टक्का ओलावा असेल, तर त्या टनाबरोबर १० किलो पाणीही भट्टीत जाते. ते उकळून वाफ होईपर्यंत ६,१०० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे एका टक्क्याच्या ओलाव्याने उष्णतेची मागणी जवळजवळ चतुर्थांशाने वाढते, आणि ओलावा ४ टक्के असेल तर पाणी उडविण्यास जवळजवळ दगड तापविण्याइतकेच तेल लागते. एका किलोमीटराच्या ४६१ टन खडीत प्रत्येक टक्क्यामागे सुमारे साडेचार टन पाणी असते. त्यासाठी भट्टीत उष्णता मुळीच वाया जात नाही असे धरले तरी सुमारे २८० किलो तेल जळते.

आपल्या दक्षिण गुजरातेत आणि कोकणपट्टीत पावसाळा संपताच रस्त्यांची कामे घाईने निघतात, तेव्हा उघड्यावर पडलेले खडीचे ढीग भिजलेलेच असतात. अशा वेळी साधे पत्र्याचे छप्पर आणि पाणी निघून जाईल असा उताराचा ओटा एवढ्या दोन गोष्टी जे इंधन वाचवितात, ते कोणत्याही महाग यंत्राशिवाय वाचते. कापसाच्या गाठी भिजू नयेत म्हणून जो व्यापारी रात्री उठून ताडपत्री टाकतो, त्याला हे निराळे सांगावयास नको.

अंतराचा हिशेबही असाच डोळ्यांआड राहतो. समजा, ट्रक एका खेपेस २० टन खडी नेतो आणि जाता-येता सरासरी लिटरमागे ४ किलोमीटर चालतो. खाण ५० किलोमीटरांवर असेल तर एका किलोमीटर रस्त्याच्या खडीस २३ खेपा व सुमारे ५७५ लिटर डिझेल लागेल. खाण १०० किलोमीटरांवर गेली की त्याच्या दुप्पट. जवळच्या खाणी संपत जातात तसतसे हे अंतर वाढत जाते आणि निविदेतील एकाच दरात ते मुकाट्याने मिसळून जाते.

हजिऱ्याची मळी

आता हजिऱ्याकडे वळू. पोलाद वितळविताना जी मळी वर येते, ती थंड होताच दगडासारखी कठीण होते. देशात तिचे उत्पादन वर्षास कोटीहून अधिक टन असून कारखान्यांच्या आवारांत तिचे डोंगर साचतात. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने पोलाद मंत्रालयाच्या साहाय्याने या मळीवर संस्कार करून तिची खडी बनविण्याची रीत बसविली आणि आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टील इंडिया या कंपनीच्या हजिरा येथील कारखान्याच्या मळीपासून हा रस्ता तयार झाला. त्यात सुमारे एक लाख टन मळी वापरली गेली, सर्व थरांत नैसर्गिक खडीऐवजी मळीच घातली गेली आणि रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी ठेवण्यात आली, असे जाहीर झाले. या रस्त्यावरून प्रतिदिनी हजाराहून अधिक जड ट्रक १८ ते ३० टन भार घेऊन जातात. उद्घाटन तत्कालीन केंद्रीय पोलादमंत्री रामचंद्र प्रसाद सिंह यांच्या हस्ते झाले.

टेकडी न फोडता रस्ता झाला आणि कचऱ्याचा ढीग उतरला, हा दुहेरी लाभ उघड आहे व तो सुरतेच्या परिसरात घडला याचा आपणा सर्वांस आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु चांगल्या मित्राच्या वहीचीही पडताळणी करावी, ही आपली रीत आहे. पडताळणी करताना पुढील बाबी नावे टाकल्या पाहिजेत. मळीत मोकळा चुना असल्यास तो पाणी पिऊन फुगतो. म्हणून तिला काही काळ उघड्यावर पाणी मारून मुरवावे लागते. मळीचा खडा सच्छिद्र असल्यामुळे डांबर किंचित अधिक शोषतो. तिच्यातून पावसाच्या पाण्याबरोबर क्रोमियमसारखे धातू झिरपत नाहीत ना, याची परीक्षा करावी लागते. आणि मळी जड असते. आपल्या काळ्या पाषाणाचे विशिष्ट गुरुत्व २.८ च्या आसपास, तर पोलादी मळीचे ३.२ ते ३.६. त्यामुळे तेवढीच जागा भरण्यास मळीचे टन अधिक लागतात आणि दूर नेताना तेवढे डिझेलही अधिक लागते. कारखान्याच्या दारात जी मळी सोन्यासारखी, ती २०० किलोमीटरांवर तशीच राहील असे नाही. ‘इतके टन वापरले’ हा आकडा म्हणूनच एकटा बोलका नसतो. त्याला क्षेत्रफळाने, थरांच्या संख्येने आणि रस्त्याच्या आयुष्याने भागल्यावरच तो काही सांगतो.

सरकी आणि रुई

याहून सूक्ष्म प्रश्न श्रेयाचा आहे. तो समजावून देण्यास खानदेशातील आमच्या बंधूंना जिनिंगचे उदाहरण पुरेल. कपाशी वटविली की वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि दोन तृतीयांश सरकी. कपाशीच्या खरेदीचा खर्च या दोहोंत कसा वाटावा? वजनाने वाटला तर बहुतेक बोजा सरकीवर पडेल. किमतीने वाटला तर रुईवर. दोन्ही आकडे गणिताने बरोबर, परंतु त्यांतून निघणारे निष्कर्ष अगदी भिन्न.

पोलाद व मळी यांचे नाते असेच आहे. मळी हा निव्वळ कचरा मानला तर ती रस्त्याच्या खात्यात कोणत्याही ओझ्याशिवाय येते. परंतु उद्या तिला बाजारभाव आला, कारखाना ती विकू लागला, तर ती माल ठरते. मग भट्टीत जळलेल्या कोळशाचा व विजेचा काही अंश तिच्या माथी मारणे न्यायाचे होते. त्याहून मोठा धोका हा, की कारखाना आपल्या अहवालात ‘कचरा वाचविला’ म्हणून लाभ जमा करील आणि रस्ता बांधणारा आपल्या अहवालात ‘खडी वाचविली’ म्हणून तोच लाभ पुन्हा जमा करील. एकच रक्कम दोन वह्यांत जमा झाली की ताळेबंद खोटा ठरतो, मग ती रक्कम रुपयांची असो वा दगडाची.

हे वाद मिटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ‘जीवनचक्र मूल्यमापन’ या नावाने नियम घातले आहेत. १४०४० क्रमांकाचे पहिले मानक १९९७ साली आले आणि २००६ साली ते सुधारून त्याच्या जोडीस १४०४४ हे मानक देण्यात आले. त्यांतील तत्त्व व्यापाऱ्यास नवीन वाटणार नाही. प्रथम हिशेबाचे एकक ठरवावे. मग कोठून कोठवरचा व्यवहार धरावयाचा ती सीमा ठरवावी. मग आवक-जावक मोजावी. आणि एका व्यवहारातून दोन माल निघत असतील तर खर्च कसा वाटला ते उघड सांगावे.

वर्षांनी भागावे

एकक कोणते घ्यावे? आमच्या मते रस्त्याच्या बाबतीत ‘दर चौरस मीटरास, दर वर्षास’ हेच एकक खरे. वरील ४८८ टनांचा थर आठ वर्षे टिकला तर वर्षाकाठी ६१ टनांचा खर्च झाला. पाच वर्षे टिकला तर सुमारे ९८ टनांचा. आणि तीनच वर्षांत उखडला तर १६३ टनांचा. मिश्रणात कितीही नवे औषध घातले तरी इतकी मोठी तफावत त्यातून निघत नाही. रस्ता टिकविणे हीच पहिली काटकसर होय. आपल्या काळ्या जमिनी पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात भेगाळतात. गटारे तुंबली की पाणी डांबराच्या पोटात शिरते आणि दगड डांबरापासून सुटू लागतो. अशा ठिकाणी चांगल्या गटाराचा एक मीटर हा पुष्कळदा डांबराच्या जाड थराहून स्वस्त पडतो.

याच कसोटीवर इतर उपायही पारखता येतात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक तापलेल्या खडीवर पसरवून तिला लेप देण्याची रीत दाखविली. त्यांस २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेसने या रीतीचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक घातले, तर आपल्या एका किलोमीटरात दीड ते सव्वादोन टन प्लास्टिक जिरते. सुरतेच्या कापडबाजारास येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साडी गुंडाळण्याच्या पातळ पॉलिथिनच्या व पॉलिप्रोपिलिनच्या पिशव्या यास चालतात, परंतु पी.व्ही.सी. मुळीच चालत नाही. ते तापले की विषारी वायू सोडते. पॉलिएस्टर कापडाच्या चिंध्याही या कामाच्या नाहीत, कारण पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळते आणि खडी तितकी तापविली जात नाही. तेव्हा दुकानात हे जिन्नस वेगळे ठेवले तरच त्यांचा उपयोग. एकत्र कोंबलेल्या गाठोड्यास कोणताही रस्ता वाली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर मार्गावर शेतातील अवशेषांतून काढलेल्या लिग्निनपासून बनविलेल्या जैविक डांबराचा पट्टा टाकण्यात आला. पुण्याच्या प्राज कंपनीचा व केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा त्यात हात होता आणि खनिज डांबरात १५ टक्क्यांपर्यंत असे डांबर मिसळण्याची ही योजना आहे. परदेशी तेलावरचा भार त्याने हलका होईल, हे खरे. परंतु तोही पट्टा किती वर्षे टिकतो, यावरच त्याची अखेरची खतावणी लिहिली जाईल.

सर्वांत जवळचा ठेवा मात्र आपल्या पायांखालीच आहे. जुना थर यंत्राने खरवडून काढला तर त्यातील दगड व डांबर दोन्ही परत मिळतात. नव्या मिश्रणात एक पंचमांश जुना माल घातला, तर आपल्या किलोमीटरात सुमारे ९२ टन खडी वाचते आणि जुने डांबर पूर्णपणे कामास येते असे धरल्यास साडेपाच टन डांबरही. भांडवल परत हाती येते ते असे. या पुनर्वापराचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली प्रसिद्ध केले आहेत. न खरवडता थरावर थर चढविण्याचा परिणाम आपण बाजारपेठांत पाहतोच: रस्ता वर येतो, दुकानाचे जोते खाली जाते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गाठींना भिडते. तेव्हा हा प्रश्न केवळ डोंगराचा नसून आपल्या गल्ल्याचाही आहे.

आपण काय करावे

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मार्केटे, गोदामे व कारखाने आहेत आणि त्यांच्या आवारांत डांबरीकरण होते. त्यावेळी पुढील हिशेब स्वतः करावा. आवार १,००० चौरस मीटर आणि दाबून बसलेला थर ४० मिलिमीटर असेल, तर ४० घनमीटर मिश्रण लागते. घनमीटरास सुमारे २.४ टन धरता ते ९६ टन होते व त्यात साडेपाच टक्क्यांनी सव्वापाच टन डांबर येते. वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज याच्या आसपास येते का, ते पाहावे. खडी कोणत्या खाणीची व किती अंतरावरची, ढीग झाकलेला होता की उघडा, जुना थर खरवडून कोठे गेला, पाण्यास उतार कोणीकडे, आणि किती वर्षांची हमी, हे पाच प्रश्न निविदा देण्यापूर्वी लेखी विचारावेत. हमीच्या वर्षांनी किमतीस भागावे. जो दर त्यानंतर कमी निघेल तोच स्वस्त.

नगरपालिका व सरकार यांच्याकडेही हीच मागणी आपल्यासारख्या संघटित व्यापाऱ्यांनी करावी, असे आम्हांस वाटते. रस्त्याच्या फलकावर लांबी व रक्कम लिहिलेली असते. तीत खडी किती, डांबर किती, जुना माल किती आणि किती वर्षांसाठी, एवढ्या चार ओळींची भर पडली तर नागरिकांस रस्त्याची खतावणी वाचता येईल. हिशेब उघड्यावर मांडला की काम सुधारते, हा आपल्या पेढ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तो रस्त्यांच्याही कामी यावा, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.